दोनशे परवाने कुणी पळवले?

१

पाणीपुरवठा खात्यात चोरी झाल्याची बातमी सकाळच्या चहाआधीच चारही मजल्यांवर पोचली, पण चोरीला काय गेलं हे चहा संपला तरी कुणाला धड सांगता येईना. कुणी म्हणे कॉम्प्युटर गेले, कुणी म्हणे पाण्याचे मीटर. तिसऱ्या मजल्यावर तर पाण्याची टाकीच गेली असं ठरवून लोक मोकळे झाले होते.

साहेबांनी लेखापरीक्षक बाईंना खोलीत बोलावलं तेव्हा त्यांनाही एवढंच माहीत होतं. बाईंना खात्यात पाठीमागे सगळे 'चाळण' म्हणत. त्यांच्या हाताखालून कागद गेला की खडा वर राहायचाच. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि, खरं सांगायचं तर, मनातून आवडलेलंही होतं.

साहेब टेबलावरचा काचेचा थेंब फिरवत बसले होते. नुकत्याच झालेल्या जलपरिषदेत त्यांना तो स्मृतिचिन्ह म्हणून मिळाला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय खोलीतून सुटका नव्हती. बाईंनीही ती ऐकली. आपलं भाषण पाच दिवसांच्या परिषदेत सगळ्यात शेवटी होतं आणि तरीही लोक थांबले होते, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. मग त्यांनी थेंब बाजूला ठेवला आणि दोन कागद पुढे सरकवले.

प्रकरण नकाशे काढायच्या प्रोग्रॅमचं होतं. जलवाहिन्या, टाक्या, पंपघरं, सगळ्याचे आराखडे खात्यात त्याच्यावर काढत. प्रोग्रॅम एका खासगी कंपनीचा, आणि तो वापरायची परवानगी खातं दर वर्षी विकत घ्यायचं. कागदावर तिला परवाना म्हणत, बोलताना लायसन्स. असे दोनशे परवाने होते. म्हणजे एका वेळी दोनशे माणसांना प्रोग्रॅम उघडता येई. दोनशे एकाव्या माणसाला, कुणीतरी बंद करेपर्यंत, हात चोळत बसावं लागे.

आता गंमत अशी, की नकाशे काढणारी माणसं खात्यात होती जेमतेम चाळीस. आणि रोज दोनशेच्या दोनशे परवाने वापरात दिसत होते. नकाशाखान्यातल्यांनाच प्रोग्रॅम उघडायला मिळत नव्हता. कंपनीचं म्हणणं, आणखी शंभर घ्या. साहेबांचं म्हणणं, आतलं कुणीतरी आपले परवाने बाहेरच्या लोकांना गुपचूप वापरायला देऊन पैसे खातंय.

"कुणीतरी म्हणजे कोण, हेही मला कळलंय," साहेब म्हणाले. "आपला भुयारकर. गेल्या महिन्यात तो आठवडाभर रजेवर होता. त्या आठवड्यात वापर दोनशेवरून चाळिसाच्या आत आला. तो परत आला आणि आकडा पुन्हा दोनशे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पहिला कागद होता शंभर नवे परवाने घेण्याचा, दुसरा भुयारकरला निलंबित करण्याचा. उद्या दुपारी दोन्हींवर सही करणार, असं साहेबांनी सांगून टाकलं. त्याआधी लेखापरीक्षकांची एक ओळ हवी होती, 'पाहिले, बरोबर आहे' अशी.

बाईंनी आयुष्यात कशावरही पाहिल्याशिवाय 'पाहिले' लिहिलं नव्हतं. कागद उचलून त्या बाहेर पडल्या, तेवढ्यात साहेबांनी मागून आणखी एक गोष्ट सांगितली.

"जपून बोला त्याच्याशी. तुमच्यावर त्याचा जुना राग आहे. खुर्चीचा."

२

खुर्चीची गोष्ट खरी होती. भुयारकर म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. ऑफिस तळघरात, म्हणून लोकांनी त्यांचं हे बारसं केलेलं. त्यांनी एकदा फिरती खुर्ची घेतली होती आणि बाईंनी तिच्यावर अशी हरकत काढली होती, की खुर्ची परत गेली आणि भुयारकर आजतागायत लाकडी स्टुलावर बसत होते.

पण तळघरात उतरण्याआधी बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. भुयारकरांचा रजेचा अर्ज बघायचा होता. रजेचं टेबल सांभाळणारी कारकून बाई हसतमुख होती, पण आज तिचा चेहरा जरा उतरलेला दिसला. तिच्या पडद्यावर एका मोठ्या पुलाचं निळसर चित्र होतं. बाई पुढे झाल्या तसं तिनं ते घाईनं खाली सारलं आणि कपाटातून अर्ज काढायला उठली. बाईंनी त्यात काही विशेष मानलं नाही. कॉम्प्युटरवर लोक काय काय चित्रं लावतात. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर कुणी केव्हा लावलेला एक डोंगर होता, आणि तो बदलायचा कसा हे विचारायला त्यांना लाज वाटत आली होती.

अर्ज ठीक होता. रजेचं कारण, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.

तळघरात भुयारकर स्टुलावर बसून जेवणाचा डबा समोर ठेवून नुसते त्याच्याकडे पाहत होते. बाईंना पाहताच ते उभे राहिले. निलंबनाची कुणकुण त्यांना लागली असावी, कारण त्यांनी नमस्काराच्या जागी सरळ सांगून टाकलं.

"मॅडम, मी खुर्ची घेतली होती, ते कबूल. पण लायसन्स नाही विकली. दोन वर्षांनी रिटायर व्हायचंय मला. घरी आईला अजून सांगितलेलं नाही."

बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि डबा उघडायला लावला. हा माणूस खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नाही, पण वाटण्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

परवाने कोण वापरतंय ते तुम्हाला दिसत कसं नाही, हा पहिला प्रश्न. भुयारकरांनी समोरचा पडदा दाखवला. त्यावर नुसता एक आकडा होता, दोनशे. नावांची यादी बघायची सोय कंपनीकडे आहे, म्हणाले, पण तिचे पैसे वेगळे. तीन वेळा मागणी केली, तिन्ही वेळा फेटाळली गेली. म्हणजे आपल्याच घरात कोण शिरलंय ते बघायला दाराचं भोक विकत घ्यायचं, असं ते म्हणाले, आणि मग लेखापरीक्षकांसमोर विनोद केल्याबद्दल त्यांनी माफीही मागितली.

वर जाऊन का नाही बघितलं? गेलो होतो, भुयारकर म्हणाले. एका दुपारी गुडघे सांभाळत चारही मजले फिरलो. ज्याच्या त्याच्या पडद्यावर पत्रं नाही तर तक्ते. नकाशे कुठेच नाहीत. तेव्हापासून आपल्यालाही वाटतं, वापरणारा बाहेरचाच कुणीतरी आहे.

मग बाईंनी रजेचं विचारलं.

"रजा कसली मॅडम, आईचं ऑपरेशन चारदा पुढे ढकललं तेव्हा मिळाली. साहेब जागेवर असले की दिवसातून दहा फोन. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो. ते असताना अर्ज करायची माझी छाती नाही."

बाईंनी हे ऐकलं आणि मान हलवली. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. जेवणाची सुट्टी झाली होती. वर चारही मजल्यांवर डबे उघडले होते, खुर्च्या सरकल्याचे आवाज तळघरात येत होते. आकडा मात्र दोनशेवरून एकानंही खाली आला नाही.

"असंच असतं रोज?"

"रोज. सकाळी ऑफिस उघडलं की भराभर चढतो, संध्याकाळी उतरतो. मधे हलत नाही."

बाई जिना चढताना थांबल्या. काम करणारा माणूस जेवायला उठतो. मग हे दोनशे जण कोण, ज्यांना भूकच लागत नाही?

३

नकाशाखान्याच्या प्रमुखांना सगळे काका म्हणत. काकांचा पारा कायम चढलेला असे, आणि आज तर त्यांना ऐकायला माणूस मिळालं होतं. त्यांची माणसं सकाळी थेट मोजमापाला बाहेर जातात, दुपारी परत येतात, तेव्हा प्रोग्रॅम उघडायला गेलं की 'जागा नाही' असा निरोप येतो. टेकडीवरच्या वस्तीची जलवाहिनी या एका कारणासाठी अर्धी राहिली आहे. वस्तीतल्या बाया अजून टँकरमागे धावतात, आणि इथे शंभर परवाने आणखी घ्यायचे म्हणे. त्या पैशात तिथे टाकी उभी राहिली असती. हे सगळं काकांनी एका दमात सांगितलं.

"फक्त गेल्या महिन्यात एक आठवडा सुखाचा गेला," ते म्हणाले. "प्रोग्रॅम मागाल तेव्हा हजर. अर्धी जलवाहिनी काढली ती त्याच आठवड्यात."

तो भुयारकरांच्या रजेचा आठवडा होता. बाईंना हे ऐकून बरं वाटलं नाही. साहेबांचा पुरावा पक्का होत चालला होता.

मग त्या खरेदी अधिकारी बाईंकडे गेल्या, तर काही विचारायच्या आधीच खरेदी बाईंनी कबुली दिली. त्यांचा सख्खा भाचा त्याच कंपनीत नोकरीला होता. हे कधीतरी बाहेर येणारच म्हणून त्या महिनाभर झोपल्या नव्हत्या. बाईंनी वही काढली. भाचा काय काम करतो? तर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजीच्या हिशेबाचं. बाईंनी वही मिटली. नावांच्या यादीची मागणी तीनदा का फेटाळली, असं विचारल्यावर मात्र खरेदी बाईंनी खांदे उडवले. कंपनीच्या प्रतिनिधीनंच सांगितलं होतं, की यादीचा काही उपयोग नसतो, त्यापेक्षा परवाने वाढवणं स्वस्त पडतं.

हे प्रतिनिधी महाशय जिन्यातच भेटले. त्यांना खात्यात 'मधाचं बोट' म्हणत, कारण ते कुणालाही ते लावूनच पुढे जात. त्यांनी बाईंना एक जाड डायरी देऊ केली, बाईंनी ती तशीच परत केली. तरी त्यांचं हसू कमी झालं नाही. तुमच्या इमारतीत आमच्या प्रोग्रॅमचा वापर फार उत्तम आहे, असं ते कौतुकानं म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः उभं राहून प्रत्येक मशीनवर तो घालून दिला होता. घालायचे पैसे पडत नाहीत, मग कुणाला का वगळा?

"वापरतंय कोण, ते सांगाल?" बाईंनी विचारलं.

"ते आम्ही कसं सांगणार मॅडम? त्याचं लायसन्स वेगळं."

ते गुणगुणत जिना उतरले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण बाईंना आठवली. कुत्रं तर आत्ताच डायरी घेऊन खाली गेलं होतं. पण आंधळं कोण, हे काही ध्यानात येईना, आणि उद्याची दुपार जवळ येत होती.

४

बाई घरी पोचल्या तेव्हा डोकं जड झालं होतं. किल्ली लावून दार उघडलं. लेक टेबलाशी बसून भौतिकशास्त्राच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. बाईंना नेहमीप्रमाणे समाधान वाटलं. आपल्या हाताखालून पोरगीही चाळून निघाली, असं त्यांना कधीकधी वाटायचं.

पण आज नजर चाळणीची होती, ती घरीही बंद होईना. पुस्तकाचं पान ओळखीचं होतं. भिंगाची आकृती, आणि खूण म्हणून मध्ये लाल कंगवा. काल हीच आकृती होती. परवाही.

"तीन दिवस हेच पान?"

लेक आधी गडबडली, मग तिला हसूच आलं. पुस्तकाखालून तिनं गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं.

"आई, तू किल्ली लावलीस की मी ते उघडते. तू एकदा म्हणाली होतीस ना मावशीला, की हिच्यासमोर भौतिकशास्त्र बघितलं की माझा जीव भांड्यात पडतो. मग म्हटलं, पडू दे."

"अगं, पण मी आत गेल्यावर तरी मिटायचं."

"आणि तू परत डोकावलीस तर?"

बाईंची एक चप्पल पायात होती, एक हातात. त्या तशाच उभ्या राहिल्या. लेकीला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आईनं पुस्तकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ती अचानक अशी हसायला लागली, की लेकीला काळजीच वाटली.

मग बाईंनी फोन उचलून साहेबांना लावला. उद्या सकाळी मागच्या दारानं थेट तळघरात या, त्या म्हणाल्या. आणि तुमच्या ड्रायव्हरला एवढंच सांगा, की उद्या साहेब येणार नाहीत. बाकी सगळ्यांना तो सांगेल.

"चोर सापडला?" साहेबांनी विचारलं.

"सापडला. पण उद्या त्याला तुमच्याच तोंडून कबूल करवायचंय."

५

सकाळी तळघरात चौघं दाटीवाटीनं उभे होते. साहेब, भुयारकर, बाई, आणि साक्षीदार म्हणून बोलावलेले काका. बसायला स्टूल एकच, ते साहेबांना दिलं. साहेबांनी त्यावर बसून पाहिलं, अस्वस्थपणे हलले, आणि इतकी वर्षं यावर कोण बसतं असं विचारलं. बाई छताकडे पाहत राहिल्या.

वर ऑफिस भरत होतं. पावलं वाजत होती, दारं उघडत होती, कुणीतरी मोठ्यानं हसलं. 'आज साहेब नाहीत' ही बातमी ड्रायव्हरनं चोख पोचवली होती. पडद्यावरचा आकडा मात्र तळाशीच रेंगाळत होता. दहा, बारा. नकाशाखान्यातले जे काही जण आज मोजमापाला गेले नव्हते, त्यांचे. एरवी या वेळेला दोनशे व्हायला आलेले असत.

साहेबांचा चेहरा उजळला. ते स्टुलावरून उठले आणि त्यांनी भुयारकरांकडे बोट केलं.

"बघा. आज हा माझ्यासमोर हात बांधून उभा आहे, तर चोरी बंद. मी म्हणत होतो तेच. झालं सिद्ध. लिहा तुमची ओळ."

भुयारकरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की खुर्चीची हरकत परवडली. काकांनीही मान खाली घातली. पुरावा खणखणीत होता. माणूस रजेवर, चोरी बंद. माणूस नजरेखाली, चोरी बंद.

"लिहिते," बाई म्हणाल्या. "फक्त एक बाकी आहे. भुयारकर आहेत तसेच इथे हात बांधून उभे राहतील. काका त्यांच्याजवळ थांबतील आणि मला फोनवर आकडा सांगत राहतील. साहेब, तुम्ही माझ्याबरोबर वर चला आणि रोजची फेरी मारा."

साहेबांची सकाळची फेरी प्रसिद्ध होती. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत, प्रत्येक टेबलामागून, हात पाठीशी बांधून. एकच खोली त्यातून सुटायची, ती लेखापरीक्षक बाईंची. जिच्या हरकतींना उत्तरं द्यावी लागतात, तिच्याकडे आपणहून पायवाट कोण पाडतो?

ते तळघराच्या जिन्यानं वर आले. फाटकावरच्या शिपायानं साहेबांना पाहिलं, दचकून सलाम केला, आणि आत पळाला.

"वीस," फोनवर काका म्हणाले. "चाळीस. मॅडम, हे काय चाललंय?"

भुयारकरांचे हात? बाईंनी विचारलं. बांधलेलेच आहेत, काका म्हणाले.

पहिला मजला संपला तेव्हा आकडा साठावर होता. दुसऱ्यावर साहेबांची पावलं वाजायच्या आत तो शंभरावर गेला. साहेबांनी बाईंच्या हातातला फोन मागून घेतला आणि आकडा स्वतः ऐकला. मग ते जिन्यातच थांबले. ते एक पायरी चढले, काका म्हणाले एकशे दहा. आणखी दोन चढले, एकशे तीस. साहेबांनी पाय मागे घेतला आणि बाईंकडे पाहिलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता.

"हे कोण करतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

६

तिसऱ्या मजल्यावर रजेच्या टेबलाशी कारकून बाई ताठ बसली होती. पडद्यावर तो निळसर पूल. साहेब सवयीनं थांबले, सवयीनंच म्हणाले, "छान. काम चाललंय."

"साहेब," बाई म्हणाल्या, "आपलं खातं पूल कधीपासून बांधायला लागलं?"

साहेबांनी पुलाकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, तिथेही पूल. पलीकडे पेन्शनच्या टेबलावर पूल, टपालाच्या टेबलावर पूल. सगळे पूल एकाच नदीवरचे, कारण प्रोग्रॅमबरोबर कंपनीनं दिलेलं ते नमुन्याचं चित्र होतं. प्रोग्रॅम उघडून नुसता 'नमुना' दाबला की येणारं.

बाईंनी कारकून बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि घाबरू नको, सगळं सांग, म्हणाल्या. ती आधी रडवेली झाली, मग सांगायला लागली तशी तिला धीर आला. वर्षापूर्वी एका सकाळी तिचा हात चुकून त्या प्रोग्रॅमवर पडला आणि हा पूल उघडला. तो बंद कसा करायचा हे तिला कळेना. तेवढ्यात साहेब फेरीवर आले, तिच्यामागे थांबले, आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, रजेच्या टेबलावरची बाईसुद्धा आधुनिक साधनं वापरते, तिच्याकडून शिका. त्या वर्षी तिच्या गोपनीय अहवालात 'आधुनिक साधनांचा वापर: उत्तम' असा शेरा आला. शेजारच्याला आला 'साधारण'.

"मग त्यांनी मला विचारलं, तो पूल कुठून काढतात. मी दाखवला. त्यांनी पुढच्या टेबलाला दाखवला. असं करत करत चारही मजले झाले."

"आणि दिवसभर तो बंद का नाही करत?" साहेबांनी विचारलं. आवाज नेहमीच्या अर्धा होता.

"तुम्ही परत आलात तर, साहेब? खाली सारून ठेवतो आणि आपापलं काम करतो."

जेवणाच्या सुट्टीत आकडा का हलत नव्हता, दुपारी फिरून गेलेल्या भुयारकरांना नुसती पत्रंच का दिसली, आणि उन्हातून येणाऱ्या नकाशाखान्याला जागा का मिळत नव्हती, ते सगळं एका वाक्यात उलगडलं. उरला होता फक्त रजेचा आठवडा. बाई साहेबांना त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या आणि तो काचेचा थेंब उचलून त्यांच्या हातात दिला.

"ही परिषद कधी झाली, साहेब?"

साहेब थेंबाकडे पाहत राहिले. परिषद पाच दिवस चालली होती. गेल्या महिन्यात.

"भुयारकर रजेवर होते म्हणून आकडा पडला, असं तुम्ही धरलं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इथे असताना त्यांना रजा घ्यायची छातीच होत नाही. तुम्ही परिषदेला गेलात, म्हणून आईचं ऑपरेशन झालं. आणि तुम्ही परिषदेला गेलात, म्हणूनच कुणी पूल उघडला नाही. त्या आठवड्यात या इमारतीत दोन माणसं नव्हती. तुम्ही एकच मोजलंत."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मधाचं बोट शंभर परवान्यांच्या कागदावर सही घ्यायला आधीच येऊन बसलं होतं. बाई त्याच्याकडे वळल्या. इतके पूल तुम्हाला कधी दिसले नाहीत का, त्यांनी विचारलं. त्याचं हसू पहिल्यांदाच जरा सरकलं. आपण विचारलं तेवढंच सांगतो, तो म्हणाला, आणि कुणी कधी विचारलं नाही. हे त्याचं खरं होतं, आणि तेच बाईंना सगळ्यात झोंबलं. लोकांच्या कराचा पैसा वर्षभर नुसता एका चित्रावर गेला होता, आणि त्यासाठी कुणाला खोटंही बोलावं लागलं नव्हतं.

फोन अजून चालू होता. काकांचा आवाज आला. "एकशे नव्व्याण्णव, मॅडम. एकच शिल्लक आहे. तो कुठाय ते तेवढं बघा."

बाईंनी साहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला. साहेब नको म्हणायला गेले, पण उशीर झाला होता. रोज आल्या आल्या प्रोग्रॅम त्यातल्या शेवटच्या चित्रासकट आपोआप उघडावा, अशी सोय त्यांनी स्वतःच भुयारकरांकडून करून घेतली होती. पडद्यावर सावकाश तोच पूल उमटला, निळसर, दोन्ही काठांसकट.

"दोनशे," काका म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे पाणीपुरवठा खात्यात तरी व्हायला नको होतं. साहेब खुर्चीत बसले. बाईंना वाटलं, आता गडगडाट होणार. पण साहेबांचे खांदे हलायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. हसण्यात शरमही होती, ती त्यांनी लपवली नाही.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी," ते म्हणाले. "पण मॅडम, निलंबनाचा कागद तयार आहे. आता कुणाला करू?"

"फेरीला," बाई म्हणाल्या.

मधाच्या बोटानं आपले कागद गोळा केले आणि जाताना कुणालाही डायरी दिली नाही. पुढच्या वर्षी खात्यानं दोनशेच्या जागी पन्नास परवाने घेतले, आणि वाचलेल्या पैशातून टेकडीवरच्या टाकीचा पाया खणला गेला. काकांचा पारा मात्र होता तिथेच राहिला. आता प्रोग्रॅम मिळतो तर टाचण्या मिळत नाहीत, असं ते म्हणू लागले.

बाई त्या संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा दाराशी मुद्दाम खोकल्या, किल्ली दोनदा खुळखुळवली, मग आत गेल्या. लेक गोष्टींचंच पुस्तक वाचत होती, उघडउघड. पुढे काय होतं, असं विचारत बाई तिच्याशेजारी बसल्या.

आठवड्यानं भुयारकर चार मजले चढून साहेबांच्या खोलीत गेले. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि लगेच एक पाऊल मागे सरकले, कारण साहेब समोर खुर्चीत बसलेले होते, कुठल्याही परिषदेला गेलेले नव्हते, आणि त्यांच्या प्रिंटरचा कागद सकाळपासून अडकलेला होता. साहेबांनी प्रिंटरकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि सही केली. मग अर्ज परत देताना त्यांनी एक दुसरा कागद त्याच्याखाली सारला. तो एका फिरत्या खुर्चीच्या मागणीचा होता, आणि त्यावर लेखापरीक्षकांची एक ओळ आधीच होती. पाहिले, बरोबर आहे.